फिजिओथेरपिस्ट शोधताय? पाकीट उघडण्याआधी हे तपासा

नोंदणी कुठे पाहायची, पहिल्या भेटीत काय व्हायला हवं, पॅकेज घ्यावं का आणि सरकारी रुग्णालयात सोय असते का? सोप्या भाषेत सविस्तर माहिती

गेल्या वर्षी आईचा उजवा खांदा आखडला. आधी नुसतं दुखणं होतं. मग वेणी घालताना हात डोक्यापर्यंत पोहोचेना, फडताळातला वरचा डबा काढता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. आईबाबा नाशिकला, मी मुंबईत. घरात इंजिनीअरिंग झालेली मी एकटीच, त्यामुळे ‘फोनवर बघून चांगला फिजिओ शोधून दे’ हे काम माझ्याकडे आलं.

मी नकाशा उघडला, ‘फिजिओथेरपी निअर मी’ टाकलं आणि घरापासून सर्वांत जवळचं, ४.९ तारे असलेलं क्लिनिक निवडलं. पाच मिनिटांत काम झालं. तिथे आईकडून २० सिटिंगचे १२ हजार रुपये आगाऊ घेतले गेले. रोज १५ मिनिटं शेक, १५ मिनिटं करंट आणि ‘उद्या या’. विसाव्या दिवशीही हात तेवढाच वर जात होता. मधल्या काळात एकदाही कोणी तिला ‘शुगर आहे का?’ असं विचारलं नव्हतं. तिला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं.

चूक फक्त त्या क्लिनिकची नव्हती. काय तपासायचं हे मलाही माहीत नव्हतं. कंबर, मान, गुडघा, अर्धांगवायू, ऑपरेशननंतरची हालचाल अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने आज जवळपास प्रत्येक घरात फिजिओची गरज पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. म्हणूनच हा सविस्तर लेख.

फिजिओथेरपिस्ट नेमका कोणाला म्हणायचं?

ज्याने फिजिओथेरपीची पदवी घेतली आहे आणि ज्याची परिषदेकडे नोंदणी आहे, त्याला. महाराष्ट्रात ही पदवी बीपीटीएच या नावाने ओळखली जाते. बारावी विज्ञान आणि नीटनंतर प्रवेश, चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप असा हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम. २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा झाला असून त्यात एक वर्ष इंटर्नशिप आहे. त्यापुढे दोन वर्षांची एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी असते.

काही महिन्यांचा मसाजचा कोर्स केलेली व्यक्ती, जिम ट्रेनर, योगशिक्षक, हाडवैद्य किंवा ‘मणका सेट करून देतो’ म्हणणारा यांपैकी कोणीही फिजिओथेरपिस्ट नाही. ते आपापल्या कामात चांगले असतीलही. पण नस दबली आहे की स्नायू आखडला आहे, हे तपासण्याचं शिक्षण त्यांना मिळालेलं नसतं.

क्लिनिकमध्ये आणखी एक गोष्ट पाहा. बोर्डवर एकाचं नाव आणि हात लावणारा दुसराच, असं अनेक ठिकाणी असतं. मशीन लावायला मदतनीस असायला हरकत नाही. पण तपासणी, व्यायामाची आखणी आणि हाताने केले जाणारे उपचार नोंदणीकृत थेरपिस्टनेच करायला हवेत.

नावाआधी ‘डॉ.’ असलं म्हणजे काय समजायचं?

यावर सध्या बराच वाद आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टना नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पीटी’ लावण्याची मुभा देण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘डॉ.’ लावण्यावर आक्षेप घेणारं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं.

आपल्यासाठी मुद्दा साधा आहे. ‘डॉ.’ या दोन अक्षरांवरून काहीच ठरवू नका. नावापुढची पदवी वाचा. बीपीटीएच किंवा एमपीटीएच असेल तर ती व्यक्ती फिजिओथेरपिस्ट आहे. एमएस किंवा डीएनबी ऑर्थो असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ. दोघांचं काम वेगळं आहे आणि अनेक दुखण्यांत दोघांचीही गरज पडते.

नोंदणी कुठे आणि कशी तपासायची?

राज्यात ‘महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद’ आहे. २००२ च्या राज्य कायद्याने ती अस्तित्वात आली. भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी. राज्यात हा व्यवसाय करायचा तर या परिषदेची नोंदणी लागते. देशपातळीवर २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातही फिजिओथेरपीचा समावेश आहे.

तपासायचं कसं?

• क्लिनिकच्या भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे का ते पाहा. त्यावरचं नाव आणि तुम्हाला तपासणाऱ्याचं नाव एकच आहे ना, याची खात्री करा. वैधतेची तारीख दिली असेल तर तीही वाचा.

• केसपेपर, बिल किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असायला हवा.

• दिसत नसेल तर सरळ विचारा, “आपला परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?” खरा थेरपिस्ट या प्रश्नाने चिडत नाही. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

• थेरपिस्ट घरी येणार असेल तर पहिल्या भेटीआधीच प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या.

आधी डॉक्टरकडे जायचं की थेट फिजिओकडे?

जास्त वेळ बसून मान अवघडली, वजन उचलताना कंबरेत चमक भरली, जुनीच गुडघेदुखी पुन्हा सुरू झाली, अशा वेळी थेट फिजिओकडे गेलं तरी चालतं. चांगला फिजिओ तपासून गरज असेल तर स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो.

पण पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर आधी डॉक्टरच गाठा:

• कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. ही तातडीची अवस्था आहे, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

• हात किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होत जाणं.

• दुखण्यासोबत ताप येणं, कारण नसताना वजन घटणं किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं.

• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, विशेषतः ज्येष्ठांमध्ये.

• एकाच पायाची पोटरी सुजून, गरम होऊन दुखणं. रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला मसाज करून घेऊ नका.

• छातीत दाब आणि डावा हात किंवा जबडा दुखणं. अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं. अशा वेळी एकही मिनिट न घालवता १०८ ला फोन करा.

सगळे फिजिओ सगळं करतात का?

पदवीधराला सगळ्या विषयांचं मूलभूत शिक्षण असतं. कंबर, मान, खांदा, गुडघा यांसारख्या नेहमीच्या तक्रारींसाठी अनुभवी बीपीटीएच पुरेसा असतो. काही दुखण्यांत मात्र त्या विषयात एमपीटीएच केलेला किंवा तेच काम रोज करणारा थेरपिस्ट शोधावा.

• अर्धांगवायू, पार्किन्सन, मणक्याची इजा: न्यूरो फिजिओथेरपी. अर्धांगवायूनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो. त्यामुळे इथे ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही.

• सेरेब्रल पाल्सी, उशिरा बसायला-चालायला लागणारं मूल: बालकांची फिजिओथेरपी.

• खेळातली दुखापत, लिगामेंटचं ऑपरेशन: स्पोर्ट्स किंवा अस्थी-स्नायू विभाग.

• हृदयाची बायपास, दमा, सीओपीडी: हृदय-श्वसन विभाग.

• बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी होणं, ओटीपोटातले स्नायू सैल पडणं: महिलांच्या आरोग्याचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट. यावर उपचार आहेत, हेच अनेक महिलांना माहीत नसतं. लाजेपोटी वर्षानुवर्षं त्रास काढला जातो.

फोनवर ‘हा त्रास असलेले पेशंट तुमच्याकडे नेहमी येतात का?’ एवढं विचारलं तरी पुरेसं चित्र समोर येतं.

शोधायचं कुठे? खासगी क्लिनिक हाच पर्याय आहे का?

नाही. इथेच अनेकांचे पैसे वाचू शकतात.

जिल्हा रुग्णालय : ‘सिव्हिल’मध्ये फिजिओथेरपी विभाग असतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गर्दी असते, वेळ सकाळची असते, ही अडचण खरी. पण तपासणी तिथे करून घ्यायची, व्यायाम शिकून घरी करायचे आणि ठरलेल्या दिवशी दाखवायला जायचं, असं अनेकांना जमू शकतं.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं : मुंबईत केईएम, नायर, सायन, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे फिजिओथेरपीचं शिक्षणही दिलं जातं. पोलिओच्या साथींच्या काळात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्येच देशातलं या विषयाचं शिक्षण सुरू झालं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांगत्व, कृत्रिम अवयव, दीर्घकाळ चालणारं पुनर्वसन यासाठी तिथे राज्यभरातून लोक येतात.

फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडी : राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत खासगी कॉलेजं आहेत आणि त्यांची स्वतःची ओपीडी असते. शुल्क साधारणपणे बाहेरच्यापेक्षा बरंच कमी. विद्यार्थी तपासतात, पण त्यांच्यामागे प्राध्यापक उभे असतात. वेळ जास्त लागतो, पण तपासणीही जास्त बारकाईने होते.

लहान मुलांसाठी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी मोफत होते. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेत तपासणीला येणारं पथक तिथे पाठवू शकतं.

धर्मादाय रुग्णालयं : सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ऑपरेशन अशा रुग्णालयात झालं असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात फिजिओथेरपीच्या सवलतीबद्दलही विचारा.

मग गुगलवरचे तारे बघायचेच नाहीत का?

बघा, पण वाचून बघा. यादीत सर्वांत वर दिसणारं नाव कधी कधी ‘प्रायोजित’ असतं, म्हणजे पैसे देऊन वर आलेलं. ताऱ्यांपेक्षा अभिप्रायांचा मजकूर महत्त्वाचा. ‘स्टाफ खूप छान, जागा स्वच्छ, एसी आहे’ हे सांगणारे ५० अभिप्राय उपचारांबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘वाटी बदलल्यानंतर दीड महिन्यात जिना चढायला लागले, घरी करायचे व्यायाम लिहून दिले’ असा एक अभिप्राय त्यापेक्षा जास्त कामाचा. एकाच आठवड्यात, एकाच धाटणीच्या वाक्यांत पाच-पाच तारे पडलेले दिसले तर सावध व्हा.

एक आणि दोन तारेवाले अभिप्राय आधी वाचा. तिथे पैशांची, वेळेची की उपचारांची तक्रार आहे ते कळतं. मी हे केलं असतं, तर आईच्या क्लिनिकबद्दल ‘पॅकेजचे पैसे परत देत नाहीत’ अशा तीन तक्रारी मला आधीच दिसल्या असत्या.

ओळखीतून चौकशी करायची तर ‘चांगला आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘तुम्हाला काय झालं होतं आणि किती दिवसांत काय करता यायला लागलं?’ असं विचारा. शेजारच्या काकांच्या कंबरेला गुण आला म्हणून तोच थेरपिस्ट तुमच्या वडिलांच्या अर्धांगवायूसाठी योग्य असेल असं नाही.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं?

सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच. गेल्या गेल्या मशीन लावलं जात असेल तर थांबा. पहिल्या भेटीतला बराचसा वेळ बोलण्यात आणि तपासण्यात जायला हवा.

१) विचारपूस : दुखणं कधीपासून, कशाने वाढतं, रात्री झोप मोडते का, काम काय करता, मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, हृदयविकार, जुनी ऑपरेशनं, सुरू असलेली औषधं.

२) मोजमाप : सांधा किती अंशांत हलतो, ताकद किती, संवेदना ठीक आहेत का, चाल कशी आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं एक साधन असतं, त्याने सांध्याची हालचाल मोजतात. हे आकडे लिहून ठेवले जातात. आजचा आकडा नसेल तर महिनाभराने फरक पडला की नाही, हे सांगणार कसं?

३) समजावणं : काय झालं असावं, ते तुम्हाला कळेल अशा मराठीत. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढंच सांगून घाबरवणं म्हणजे समजावणं नव्हे. एमआरआयमध्ये दिसणारे चकतीचे बदल कसलंही दुखणं नसलेल्या माणसांमध्येही वयानुसार आढळतात. रिपोर्टसोबत माणूसही तपासावा लागतो.

४) उद्दिष्ट : ‘बरं वाटेल’ हे उद्दिष्ट नाही. ‘सहा आठवड्यांत वेणी घालता येईल’, ‘तीन मजले न थांबता चढता येतील’ हे उद्दिष्ट.

५) घरचा व्यायाम : पहिल्याच दिवशी किमान दोन-तीन व्यायाम करून दाखवून, तुमच्याकडून करून घेऊन, लिहून द्यायला हवेत.

मशीन चांगलं की व्यायाम?

आपल्याकडे ‘मोठं मशीन म्हणजे चांगलं क्लिनिक’ असा समज आहे. अभ्यास मात्र वेगळं सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला समजावून सांगणं यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन, म्हणजे आपण ज्याला ‘वजन लावणं’ म्हणतो ते, आणि कंबरेचा पट्टा नियमित उपचार म्हणून वापरू नये, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या सूचनाही कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स आणि आयएफटी, म्हणजे करंटचे प्रकार, देऊ नयेत असं सांगतात. हाताने केले जाणारे उपचार व्यायामाच्या जोडीने द्यावेत, एकटे नव्हेत, असंही त्यात आहे.

याचा अर्थ मशीन म्हणजे फसवणूक, असा नाही. दुखणं थोडं उतरवून व्यायाम करता यावा म्हणून काही वेळ शेक किंवा करंट दिला जाऊ शकतो. पण दहा दिवस फक्त मशीन आणि व्यायाम शून्य, असा उपचार असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. मशीन बंद झालं की दुखणं परत येतं. स्नायूंची ताकद मात्र कमावावी लागते, ती दुसरा कोणी देऊ शकत नाही.

मशीन लावण्याआधी या गोष्टी स्वतःहून सांगा: पेसमेकर, शरीरातला धातूचा रॉड किंवा प्लेट, गरोदरपण, कॅन्सरचा इतिहास, आणि मधुमेहामुळे पायाला आलेला बधिरपणा. बधिर पायाला शेक दिला तर चटका बसल्याचं कळतही नाही. मधुमेहींच्या पायाची जखम किती चिघळते, हे वेगळं सांगायला नको.

‘दुखलं तरच गुण येतो’ हे खरं का?

अर्धवट खरं. व्यायामानंतर स्नायू थोडे ठणकणं स्वाभाविक आहे. पण ते दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत उतरायला हवं. रात्रभर झोप न लागणं, सूज वाढणं, मुंग्या पायात खाली उतरत जाणं ही चुकीची लक्षणं आहेत. आखडलेल्या खांद्याच्या सुरुवातीच्या, जास्त दुखऱ्या टप्प्यात हात जबरदस्तीने वर ओढला तर त्रास वाढतो. ऑपरेशननंतरही ठरलेल्या मर्यादेपलीकडे हालचाल केली तर टाक्यांचं नुकसान होऊ शकतं. म्हणून सर्जनची डिस्चार्ज चिठ्ठी फिजिओला दाखवल्याशिवाय उपचार सुरू करू नका.

उलट बाजूही लक्षात घ्या. गुडघ्याची वाटी बदलल्यानंतर बहुतेकदा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवायला सुरुवात होते. तेव्हा ‘आईला दुखतंय, राहू दे आज’ ही माया महागात पडते. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर पुढे तो वाकवणं फार कठीण जातं.

पॅकेज घ्यावं का? विमा मिळतो का?

पहिल्या दिवशी २० किंवा ३० सिटिंगचे पैसे भरू नका. तीन ते पाच सिटिंग सुटे पैसे देऊन घ्या, फरक पडतोय का ते बघा, मग ठरवा. पॅकेज घेतलंच तर एवढ्या गोष्टी कागदावर लिहून घ्या: एका सिटिंगचा वेळ, उपचार कोण करणार, सिटिंग चुकलं तर काय, आणि मध्येच थांबायचं झालं तर पैसे परत कसे मिळणार.

विम्याबाबत गैरसमज बरेच आहेत. नुसत्या ओपीडी फिजिओथेरपीचा खर्च अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये मिळत नाही. पण रुग्णालयात दाखल होऊन ऑपरेशन झालं असेल तर ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ या कलमाखाली, पॉलिसीत दिलेल्या दिवसांच्या मर्यादेत, फिजिओचा खर्च मागता येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरांची लेखी शिफारस, तारीखवार पावत्या आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक लागतो. दर सिटिंगला यूपीआयने पैसे देऊन पावती न घेणारे इथेच अडकतात.

थेरपिस्टला घरी बोलावताना काय काळजी घ्यावी?

अंथरुणाला खिळलेले रुग्ण, नुकतंच ऑपरेशन झालेले ज्येष्ठ यांच्यासाठी घरभेट ही गरजच असते. एजन्सीमार्फत कोणी येत असेल तर दर वेळी वेगळी व्यक्ती पाठवू नये, हे आधीच ठरवून घ्या. पहिल्या दिवशी ओळखपत्र आणि नोंदणी पाहा. उपचाराच्या वेळी घरातलं कोणीतरी त्याच खोलीत असावं. महिला रुग्णाला महिला थेरपिस्ट हवी असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. क्लिनिकमध्येही सोबतच्या व्यक्तीला आत थांबू देण्याची मागणी करता येते. कुठे आणि कसा हात लावणार, हे आधी सांगून परवानगी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. अवघडल्यासारखं वाटलं तर ‘थांबा’ म्हणायचा हक्क तुमचा आहे.

तालुक्याच्या गावात फिजिओच नसेल तर?

ही अडचण मोठी आहे. रोज ४० किलोमीटर एसटीने जाणं परवडत नाही आणि दुखणाऱ्या कंबरेला ते झेपतही नाही. अशा वेळी थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा, “रोज येणं जमणार नाही. घरी करता येईल असा कार्यक्रम द्या, पंधरा दिवसांनी दाखवायला येते.” अनेक दुखण्यांत हे चालतं. व्यायाम करतानाचा व्हिडिओ स्वतःच्या फोनवर काढून घ्या, म्हणजे घरी चुकत नाही. मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर दाखवता येतं. पहिली तपासणी मात्र शक्यतो समोरासमोरच व्हावी. यूट्यूबवर ‘कंबरदुखीसाठी ५ व्यायाम’ बघून सुरुवात करू नका. एकाला गुण देणारा वाकण्याचा व्यायाम दुसऱ्याची नस आणखी दाबू शकतो.

थेरपिस्ट बदलायचा कधी? तक्रार कुठे करायची?

पाच-सहा सिटिंगनंतर पुन्हा मोजमाप व्हायला हवं. साध्या कंबर-मान दुखण्यात तीन-चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर थेरपिस्टने स्वतः उपचार बदलायला हवेत किंवा डॉक्टरकडे पाठवायला हवं. ‘अजून दहा सिटिंग घ्या’ हे एकच उत्तर मिळत असेल तर बदला. मात्र अर्धांगवायू, जखडलेला खांदा, लिगामेंटचं ऑपरेशन यांना महिनेच लागतात. तिथे चार दिवसांत दवाखाना बदलणं नुकसानीचं.

नोंदणी नसणं, गैरवर्तन किंवा हलगर्जी यांबद्दल राज्य परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. गैरवर्तन गंभीर असेल तर थेट पोलिस ठाण्यात जा. पैशांच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. पावत्या, केसपेपर, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

फोन करताना विचारायचे ७ प्रश्न (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१) तपासणार कोण? त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय?
२) या त्रासाचे पेशंट तुमच्याकडे नेहमी येतात का?
३) पहिली तपासणी किती वेळ चालते?
४) रोज तीच व्यक्ती उपचार करणार का?
५) घरी करायचे व्यायाम लिहून देता का?
६) एका सिटिंगचे पैसे किती? सुटे देता येतील का?
७) बिल आणि केसपेपर मिळेल का?

सातपैकी पाच प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर जाऊन बघायला हरकत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर पुढचे सहा विचारूच नका.

आईला नंतर आम्ही एका फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत नेलं. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीने पाऊण तास तपासलं, मशीनला हातही लावला नाही. हात समोरून ९० अंशांपर्यंतच जात होता, ते केसपेपरवर लिहिलं. शुगर तपासून घ्यायला सांगितलं, ती वाढलेली निघाली, डॉक्टरांनी औषध बदललं. मग काठी, टॉवेल आणि भिंत एवढ्या साहित्यावर घरी रोज दोनदा व्यायाम आणि आठवड्यातून एकदा ओपीडी. साडेतीन महिन्यांनी केसपेपरवर आकडा आला १५०.

पहिल्या क्लिनिककडे अडकलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून जास्त वाईट वाटतं ते वाया गेलेल्या दीड महिन्याचं. आता आई वेणी स्वतः घालते. सोसायटीत कोणाचा गुडघा दुखायला लागला की ती आधी विचारते, “नंबर बघितला का गं त्याचा भिंतीवर?”